दरसाल नव्या अकराजणी

बहात्तरच्या दुष्काळात लातूरकडच्या मुरुडजवळ आमच्या गावात आप्पांचं किराणा दुकान काही महिने नुसतं उघडं होतं. विकायला मीठ आणि काड्यापेट्यांशिवाय काही नव्हतं, आणि ते घ्यायलाही कोणी येत नव्हतं. शेवटी एका सकाळी आप्पांनी दुकानाला फळ्या लावल्या आणि आईला घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. वाण्यानं खडी फोडावी हे गावाला नवीन होतं. मुकादम हजेरी घेताना विचारायचा, "शेठ आले का, शेठ?" बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आप्पा "हाव, आलो" म्हणायचे आणि मान खाली घालून हातोडी उचलायचे. मी सात वर्षांची होते. धाकट्या भावाला घेऊन खडीच्या ढिगाच्या सावलीला बसायची. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी खाऊचं गोड कोरडं पीठ, मिळायची. आईच्या वाटणीची सुकडी मी कितीदा तरी ती यायच्या आधी खाल्ली. ती विचारायची नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

कामावरचा कारकून छत्री लावून बसायचा आणि हजेरी लिहायचा. त्याच्याकडे बघून आप्पा एकदा आईला म्हणाले, "पोरगी शिकवू. सावलीत बसंल." आप्पा चौथी शिकलेले, आईनं शाळा पाहिलेली नाही. त्या एका बोलण्यावर मी बारावी झाले आणि लातूरच्या कॉलेजात गेले.

त्याच वर्षी लातूर जिल्हा नवा झाला. उस्मानाबादेपासून वेगळं निघताना कचेऱ्यांतल्या खुर्च्या-टेबलांची वाटणी झाली, तशी खेळाच्या सामानाचीही झाली. मुलींच्या हॉकीतून आमच्या वाट्याला नऊ स्टिका आल्या. त्यातल्या दोन सुतळीनं बांधलेल्या होत्या. खेळणाऱ्या चांगल्या पोरी सगळ्या तिकडच्या निघाल्या. म्हणजे जिल्हा होता, संघ नव्हता. आमचे खेळाचे सर वर्गावर्गांत फिरून विचारत होते, "पळायला कोण तयार हाय?" मी हात वर केला. हॉकीची आवड होती म्हणून नव्हे. वसतिगृहातल्या पोरी मी "लई" म्हणाले की हसायच्या, म्हणून मी खोलीत गप्प बसायची. मैदानावर बोलावं लागत नसेल असं मला वाटलं होतं.

सरांनी मला सेंटर हाफ केलं. सेंटर हाफ मैदानाच्या मधोमध असते. मागून आलेला चेंडू अडवायचा आणि पुढं कोणाला तरी द्यायचा, एवढंच तिचं काम. उजव्या कडेनं पळायला निलंग्याकडची एका शेतकऱ्याची पोरगी होती. ती फार पळायची. तिच्या बोलण्यात अधूनमधून कानडी यायची, आणि माझ्यासारखंच तिलाही हसायचे. आम्ही दोघी सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचो. मी चेंडू मारायची, ती पळून गाठायची. दोन-तीन महिन्यांत मला तिच्याकडे बघावं लागेनासं झालं. चेंडू उजवीकडं सोडला की ती तिथं असायचीच. कॉलेजातली माझी मैत्रीण म्हणायची तर तीच.

हिवाळ्यात नांदेडला स्पर्धा असायची. तिथल्या मुलींच्या संघाला कोणी सहसा हरवत नसे. आमची पहिलीच गाठ त्यांच्याशी पडली. अर्ध्या वेळेला पाच गोल झाले होते, पाचही आमच्यावर. मग त्यांच्या सरांनी दोन चांगल्या पोरी बाहेर काढून नवख्या उतरवल्या. त्या दोघी कडेला बसून बोरं खात होत्या, आणि मैदानाकडे त्यांची पाठ होती. गोलांपेक्षा ती पाठ मला जास्त जिव्हारी लागली.

वैशाखात आमच्या अकराजणींतल्या सात जणींची लग्नं झाली. निलंग्याची तर परीक्षा संपल्यावर आठव्या दिवशी बोहल्यावर चढली. दोघी नापास झाल्या. उरलो मी आणि गोलकीपर. सरांनी पुन्हा वर्गावर्गांत फिरून विचारलं. नांदेडच्या संघाचं तसं नव्हतं. त्या पोरी शाळेपासून एकत्र खेळत होत्या आणि त्यांच्या घरचे त्यांना खेळू देत होते. हा फरक काय असतो ते मला दुसऱ्या वर्षी भर मैदानात समजलं.

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. मागून चेंडू आला. मी अडवला, आणि न बघता उजवीकडं जोरात मारला. छान गेला तो. सरळ गेला आणि रेषेबाहेर निघून गेला. तिथं कोणीच नव्हतं. उजव्या कडेची नवी राइट आउट माझ्या मागंच उभी होती. लोक हसले. नांदेडची कॅप्टन, लांब वेणीची शीख मुलगी, माझ्याजवळून जाताना म्हणाली, "किसको दी गे? उदर तो कोई बी नै." टोमणा मारायचा म्हणून नाही, तिला खरंच कळलं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं स्वतः तसाच, न बघता चेंडू सोडला. तिची मैत्रीण तिथं होती.

आम्ही चार गोलांनी हरलो. सामना संपल्यावर बघते तर कडेला आप्पा उभे. धोतर, टोपी, काखेत पिशवी. ते मुखेडहून आले होते. मला न्यायला आलो म्हणाले. मला त्यांनी कधी असं न्यायला आलेलं आठवत नव्हतं, त्यामुळं काहीतरी आहे हे मी ओळखलं. सरांना सांगून आम्ही लातूरची एसटी धरली. लोहा गेल्यावर त्यांनी तिकिटं टोपीत खोचली. मग म्हणाले, "तो चेंडू कुणाला दिलतास गं तू?"

"चुकलं, आप्पा."

"चुकलं ते दिसलं. पर वळकीच्या माणसाला द्यावा तसा दिलास."

मी सांगितलं. मागल्या साली तिथं एक पोरगी होती, तिचं लग्न झालं.

"बाकीच्या?"

"त्यांची बी झाली. दरसाल नव्या अकराजणी."

"आन् ह्या नांदेडच्या?"

"शाळेपासनं त्याच हायत."

आप्पांनी काखेतली पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मुखेडचं स्थळ लई चांगलं हाय. कापडाचं दुकान हाय, आपल्यातलेच हायत. सुपारी फोडायची तेवढी ऱ्हायली. वैशाखात उरकू म्हणून राहिले."

"आन् बी.ए.?"

"ते म्हणले, दोन साल शिकली, लई झालं."

"तुम्ही काय म्हणलात?"

"पोरीला इचारतो म्हणलो." हे ते खोटं बोलत होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण बोलून गेले होते.

मी म्हणाले, "मग इचारा."

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. मी सांगितलं की मला अर्धं नकोय, एक साल ऱ्हायलंय, ते होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तिथं जाईन. आप्पांनी सदऱ्याच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. मोठं काही ठरवताना ते तसं करायचे. अहमदपूर येईपर्यंत हात तिथंच होता. "एक साल थांबा म्हणतो त्यांना," ते म्हणाले. "न्हाई थांबले तर न्हाई."

ते थांबले नाहीत. त्याच मांडवात, त्याच तिथीला माझी चुलतबहीण त्या घरी गेली. काकू हळदीच्या बायांसमोर म्हणाली, "हॉकीवालीला कोण सासू नेईल बाई? ही काठी घेऊनच उंबरा ओलांडायची." सगळ्या हसल्या, आईसुद्धा. आई नंतर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी सुट्टी संपायच्या आधीच लातूरला परत आले.

तिसऱ्या वर्षी जुनी मी एकटी. गोलकीपरचंही लग्न झालं होतं. नव्या पोरी मला ताई म्हणायच्या, आणि मी जवळ गेले की त्यांच्या गप्पा थांबायच्या. त्या वर्षी पाऊस कमी होता. वसतिगृहात टँकर यायचा, मैदानाला भेगा पडल्या होत्या. मी सकाळी एकटीच जायची आणि कॉलेजच्या भिंतीवर चेंडू मारायची. भिंत चेंडू परत देते, पण तो गाठायला पळत नाही. निलंग्याच्या मैत्रिणीला मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. तिच्या हातात ती पडली की नाही, देव जाणे.

पोरींना मी एकच शिकवलं. आपल्याला एकमेकींची सवय नाही, ती होईपर्यंत वैशाख येतो. म्हणून लांब मारायचं नाही. आधी बघायचं, नाव घेऊन ओरडायचं, आणि दहा पावलांवर द्यायचं. सर म्हणाले, "हे काय बाजारात हाका मारल्यासारखं." मी म्हणाले, "असू द्या सर, नांदेडवाल्यांना न ओरडता येतं, आपल्याला येत नाही." मीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची. जिचं बोलणं ऐकून वसतिगृह हसत होतं, ती मी.

नांदेडला आमच्या ओरडण्याला लोक हसले. पण अर्ध्या वेळेला एक-एक होतं. त्यांच्या सरांनी कोणालाही बाहेर काढलं नाही. त्यांच्या त्याच अकराजणी शेवटच्या शिट्टीपर्यंत पळत होत्या, आणि लांब वेणीची कॅप्टन शेवटी शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून दम खात होती. आम्ही एका गोलानं हरलो. तिनं माझा हात धरून विचारलं, "अगले साल आनेवाली ना?" मी नाही म्हणाले. ती तिच्या मैत्रिणींत गेली. मी माझ्या पोरींच्या मागून एसटी स्टँडवर चालत आले. त्या पुढं गप्पा मारत होत्या.

त्या अकराजणींतल्या पाच जणी पुढच्या वर्षी पुन्हा खेळल्या. त्याआधी कधी दोनपेक्षा जास्त उरल्या नव्हत्या. नांदेडहून आल्यावर एप्रिलमध्ये मी परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला. मी सेकंड क्लासमध्ये बी.ए. पास झाले. आमच्या घरात तोवर कोणी झालं नव्हतं.