घड्याळजींच्या बाथरूममधल्या फळ्या

सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची. दुकान बंद होऊन बराच काळ लोटला तरी नाव काही सुटलं नव्हतं. दुकान का बंद केलंत, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "आता वेळ फोनमध्ये बघतात. मनगटाकडे कोण बघतंय?" उत्तर इतकं पटण्यासारखं होतं की पुढे कुणी खोदून विचारत नसे.

खरं कारण वेगळंच होतं. समोर धरलेला बारीक स्क्रू त्यांना दिसायचा, पण वीतभर बाजूला ठेवलेली डबी दिसायची नाही. कोपर लागून भाग सांडायचे आणि मग टेबलाखाली वाकून चाचपडण्यात दुपार जायची. एकदा एक बाई आपल्या आईचं जुनं घड्याळ घेऊन आल्या. काम जवळजवळ संपलं होतं आणि हात बाजूला नेताना त्याची काच फरशीवर गेली. घड्याळजींनी नवी बसवून दिली. पण त्या महिन्यातच त्यांनी शटर ओढलं ते कायमचं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरात त्यांचं अडत नव्हतं, कारण घर हाताच्या सवयीचं होतं. बाथरूमचंच घ्या. साबण नळाच्या उजवीकडे, दाढीचा ब्रश खिडकीत, त्याच्या शेजारी शाम्पूची फुगीर बाटली, फरशी धुवायचं औषध खाली बादलीमागे. दिसायला सगळं गबाळं. पण अंघोळीला चष्मा काढल्यावरही त्यांचा हात कुठे चुकत नसे.

मग भिंतीत ओल धरली, टाइल्स फुगून सुटायला लागल्या आणि बाथरूम नव्याने करायचं ठरलं. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. त्यामुळे कारभार सुनेकडे आला. सून कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काचेमागचे पुतळे सजवायची. कुठला रंग कशाशेजारी खुलतो, कुठे मोकळं सोडायचं, हे तिच्या बोटांत होतं. सासूने तर हौसेने हात झटकले. "तुला हवं तसं कर गं. माझी आयुष्यभराची कटकट गेली."

सुनेने सासऱ्यांना वगळलं नाही. संध्याकाळी फोनवर चित्रं दाखवून ती विचारायची, बाबा, फळ्या लाकडी घेऊ की काचेच्या? घड्याळजी फोन नाकाशी धरायचे, लांब करायचे आणि म्हणायचे, "छान आहे." दुसऱ्या चित्रालाही छान आहे आणि तिसऱ्यालाही. सासऱ्यांना आपली निवड आवडते, असा तिचा गोड समज झाला.

काम झालं तेव्हा बाथरूम खरोखर दृष्ट लागण्यासारखं दिसत होतं. पांढऱ्या टाइल्सवर जाड पारदर्शक काचेच्या फळ्या. वेगवेगळ्या डब्या-बाटल्यांची जत्रा नको म्हणून तिने सगळं एकसारख्या पांढऱ्या बाटल्यांत ओतलं होतं आणि प्रत्येकीवर नाजूक अक्षरांत नाव लिहिलं होतं. फरशीचं औषधही तशाच बाटलीत, सगळ्यात खालच्या फळीवर. वर एक हिरवं रोपटं. शेजारणी बघून गेल्या.

पहिल्याच सकाळी घड्याळजींचं कपाळ फळीच्या कोपऱ्यावर आपटलं. पाय घसरला, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या खेपेला दात घासताना तोंडात दाढीचं क्रीम गेलं. तेव्हा त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, फक्त नळ बराच वेळ चालू होता. मग त्यांनी आपला मार्ग काढला. शाम्पूच्या बाटलीला एक रबरबँड गुंडाळला.

सुनेला तो दिसला. कुठून आला म्हणून तिने काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिने सासूला विचारलं तर सासू म्हणाली, मला काय करायचाय तो? सुनेने पुन्हा काढला, बाटल्या पुसल्या आणि साफसफाईच्या नादात त्यांची जागाही थोडी बदलली.

त्या सकाळी बाथरूममधून खोकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बादली कलंडल्याचा. घड्याळजी कंबरेला टॉवेल गुंडाळून दारात उभे होते, डोळे घट्ट मिटलेले, केसांवर फरशीच्या औषधाचा फेस. सुनेने त्यांना नळाखाली बसवलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी डोळ्यांवर ओतलं. सासू बाजूला उभी राहून म्हणत होती, "अहो, एवढं नाव लिहिलंय बाटलीवर. वाचायचं ना."

"दिसत नाही मला," घड्याळजी म्हणाले.

"आत्ता नाही दिसणार. पण आधी?"

"आधीपासूनच."

सासू तिथेच पाटावर बसली. सुनेच्या हातातला तांब्या थांबला. मग घड्याळजींनी सांडणारे स्क्रू, फुटलेली काच, बंद केलेलं दुकान, रबरबँड, सगळं एका दमात सांगून टाकलं. बायकोला दुःखापेक्षा राग जास्त आला. "इतकी वर्षं एका घरात राहतोय आणि मला हे बाटलीकडून कळावं?" एवढंच ती बोलली आणि त्यांचे कोरडे कपडे आणायला गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू असल्याचं सांगितलं. मोतीबिंदूसारखा तो काढून टाकता येत नाही. गेलेली नजर परत यायची नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेली राखता येईल. लवकर आला असतात तर जास्त राखता आली असती, हेही त्यांनी सांगितलं. घड्याळजींनी मान खाली घातली. मुलाला कळवू का, असं सुनेने परतताना विचारलं. ते म्हणाले, "नको. तो घरी आला की मीच सांगेन."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सून त्यांना बाथरूमच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. या वेळी चित्रं नाहीत. घड्याळजी फळ्यांच्या कडांवरून अंगठा फिरवत चालले. ही टोचते, ही घसरते, हिला काठ नाही, वस्तू पडणार. दुकानदार कंटाळला, पण सून मजेत ऐकत होती. शेवटी गडद लाकडाच्या, गोल कोपऱ्यांच्या आणि पुढे बोटभर काठ असलेल्या फळ्या ठरल्या. पांढऱ्या भिंतीवर त्या त्यांना दारातूनही दिसत.

मांडायला दोघं बसले. सुनेने बाटल्या वेगवेगळ्या आकारांच्या आणल्या होत्या, एक चौकोनी, एक खरखरीत, एक बुटकी. घड्याळजी डोळे मिटून हात पुढे करायचे आणि हात जिथे पडेल तिथे ती वस्तू ठेवायची. फरशीचं औषध बाथरूमच्या बाहेर गेलं. सगळं जमल्यावर ती मागे सरकली, जरा वेळ बघत राहिली आणि निळा टॉवेल उचलून डावीकडे टांगला.

"हा कशाला?" त्यांनी विचारलं.

"हा माझ्यासाठी, बाबा. दिसायलाही बरं नको?"

शेजारणींपैकी एक पुन्हा बघायला आली तेव्हा तिने नाक मुरडलं. आधीच्या काचेच्या किती छान होत्या. सासूने तिला चहा दिला आणि विषय बदलला.

मुलगा सुट्टीवर आला. पहिल्याच सकाळी त्याने आपलं दाढीचं सामान समोर दिसेल त्या फळीवर टाकलं आणि बायको व आई दोघी एकदमच त्याच्यावर तुटून पडल्या. तो गोंधळून दोघींकडे बघत राहिला.

"चल, दाखवतो," म्हणत घड्याळजी त्याला आत घेऊन गेले. त्याचा हात धरून त्यांनी तळच्या फळीच्या डाव्या टोकावर ठेवला, ही तुझी जागा म्हणून सांगितलं आणि दार लोटून घेतलं. दोघं बराच वेळ बाहेर आले नाहीत.