बाईंचा बिनतेलाचा दिवस

सर्व पालकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, येत्या जानेवारीपासून आमच्या शाळेतल्या मुलींच्या डोक्याला वर्षाचे सगळेच्या सगळे दिवस तेल चोपडण्यास कोणाचीही हरकत उरलेली नाही. हरकत घेणाऱ्या तायडे बाई गेल्या. तेलाच्या बाटल्यांनी निर्धास्त व्हावे.

हे निवेदन मी मनातल्या मनात लिहिलं ते दिवाळीच्या सुट्टीत, शाळेचा शिपाई भिकाजी याचा फोन आल्यावर. तो म्हणाला, "सर, बाई गेल्या." मी विचारलं, "कुठं?" कारण निवृत्त झाल्यापासून बाई सतत कुठे ना कुठे गेलेल्याच असायच्या. कधी साखरखेर्ड्याच्या बाजारात, कधी कुणाच्या बारशाला, कधी जुन्या विद्यार्थिनीच्या सासरी, तिथल्या सासूला चार गोष्टी ऐकवायला. भिकाजी फोनवरच नाक ओढायला लागला... तेव्हा कळलं. वाचकांनी रुमाल काढू नयेत. बाईंना ओलावा खपत नसे, आणि तो का खपत नसे हाच या लेखाचा विषय आहे.

दुसरबीडच्या अलीकडे आमची शाळा. मी मराठी शिकवतो, त्या विज्ञान शिकवायच्या. सातवीला स्थितिक विद्युत नावाचा धडा आहे. कोरड्या केसांवर कंगवा घासायचा, कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा, की कपटे टुणकन उड्या मारतात. आता हा धडा वर्षाच्या नियोजनात येतो भर पावसाळ्यात. हवा ओली, भिंती ओल्या, पोरांच्या दप्तरांना बुरशीचा वास. कंगव्यावर जमलेला भार त्या दमट हवेत टिकत नाही, निसटून जातो. बाकीच्या शाळांत चित्र दाखवून धडा उरकतात. बाई उरकत नसत. त्या तो धडा सरळ जानेवारीत न्यायच्या, जेव्हा आमच्याकडे ओठ फुटतात आणि स्वेटर काढताना चटचट आवाज येतो.

एका श्रावणात तपासणीचे साहेब आले. धडा का झाला नाही, म्हणून त्यांनी भर वर्गात विचारलं. बाईंनी शांतपणे त्यांच्या हातात कंगवा दिला आणि म्हणाल्या, "साहेब, आज तुम्हीच घ्या." साहेबांचा भांग चापूनचोपून बसवलेला, बाहेर पाऊस. त्यांनी कंगवा घासला, पुन्हा घासला, डोकं तांबडं होईस्तोवर घासला. कपटे मेजावर जेवून झोपल्यासारखे पडून. मागच्या बाकावरून कुणीतरी खुदखुदलं. साहेब म्हणाले, पुस्तकात दिलंय ना, ते वाचून घ्या. त्यावर बाई म्हणाल्या, "पुस्तकात आंबाही दिलाय साहेब. पण आपण तो श्रावणात मागत नाही."

साहेब गेले आणि हेडसर पेटले. त्यांनी सांगून टाकलं, पोळ्याच्या आत धडा झाला नाही तर सातवीचं विज्ञान काढून घेईन आणि तुम्हाला पाचवीची चित्रकला देईन. बाईंना चित्रात गाढव आणि घोडा वेगळे काढता येत नसत, हे सगळ्या स्टाफरूमला माहीत होतं. मी म्हटलं, बाई, घ्या ना उरकून, एक तास तर आहे. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "सर, पोरीनं एकदा कपटे उडताना पाह्यले नाहीत अन् पुस्तकात वाचलं की उडतात, तर ती काय शिकली? मोठ्यानं सांगितलं ते खरं मानाचं, हे शिकली. ते शिकवाले सगळं गाव आहे. मी काऊन शिकवू?" पोळा आला, बैल धुतले, सजले, पुन्हा शेतात गेले. धडा जागचा हलला नाही.

विज्ञानाला दुसरं कोणी मिळेना म्हणून हेडसरांची धमकी जानेवारीपर्यंत लांबली होती, आणि बाईंनी नेमकी तेव्हाच दुसरी आघाडी उघडली. वर्गात फर्मान सुटलं: उद्या सगळ्या मुलींनी केस धुऊन, तेल न लावता, मोकळे सोडून यायचं. आता आमच्याकडे दोन घट्ट वेण्या, त्यांना लाल फिती आणि कपाळापर्यंत ओघळणारं तेल ही शाळेची अर्धी शिस्त आहे. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच आयांचा मोर्चा फाटकात. पुढे रेखाची आई शेवंताबाई. तिचं माहेर वडनेर भोलजीचं, आवाज तीन वावरं ओलांडून जाणारा. "बाई, पोरीच्या डोक्याले तेल काऊन नाही लावाचं? मोकळ्या केसानं शाळेत धाडाले आमच्या घरी सुतक हाय का?"

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी आयांना वर्गाच्या खिडकीशी सतरंजी घालून दिली, भिकाजीला चहा सांगितला आणि तास सुरू केला. चाळीस पोरींचे मोकळे केस, चाळीस कंगवे, सरसर आवाज, आणि मग बाकाबाकांवर कपट्यांचा नुसता नाच. पोरी किंचाळत होत्या. एकट्या रेखाच्या कंगव्याला एकही कपटा चिकटेना. ती घासत राहिली, शेवटी डोळे भरून आले... बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बोटं बघितली आणि खिडकीकडे वळल्या. "शेवंताबाई, पोरीचं डोकं चांगलं आहे. मधात तुमचं तेल येऊन राह्यलं."

शेवंताबाईनं पदर तोंडाशी नेला. "इलुसंच तर लावलं होतं," ती पुटपुटली. फर्मान मोडायचं नव्हतं आणि रीतही सोडवत नव्हती, म्हणून पहाटे चोरून बोटभर लावलं होतं, आणि ते चारचौघीत कागदाच्या कपट्यांनी पकडलं. पण शेवंताबाई खमकी. उठली, पोरीला हापशीवर नेलं, दुकानातून साबण आणवला आणि सगळ्या शाळेदेखत पोरीचं डोकं खसाखसा धुतलं. मधल्या सुट्टीभर रेखा उन्हात केस पसरून बसली होती, आई पदरानं वारा घालत होती. सुट्टी संपल्यावर दोघी पुन्हा वर्गात. रेखानं कंगवा फिरवला, आणि कपटे असे उडाले की एक शेवंताबाईच्या नथीला जाऊन लटकला.

तेवढ्यात हेडसर दारात आले. धडा उशिरा घेतला, वर हा केसांचा तमाशा, उद्यापासून हा वर्ग तुमच्याकडे नाही, असं त्यांनी सुरू केलं. शेवंताबाई नथीतला कपटा तसाच ठेवून उभी राहिली. "हेडसर, बाईचा तास काढसान, तर आमच्या पोरी रोजच बिनतेलाच्या येतीन. मोकळ्या केसानं. प्रार्थनेले बी." हेडसरांनी चाळीस मोकळ्या डोक्यांकडे पाहिलं. एवढे केस एकदम पाहिल्यावर शूर माणूसही मागे सरतो. चित्रकलेचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून दर जानेवारीत आमच्या गावात बिनतेलाचा दिवस असतो. आदल्या दिवशी शेवंताबाईच घरोघर सांगत फिरते. पुढे बाई शेतातल्या प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा आणि घोंगडीही आणू लागल्या. पाइप घोंगडीवर घासायचा, वर कापसाचा पुंजका सोडायचा. तो एकदा पाइपला शिवतो आणि झिडकारल्यासारखा वर उडतो. मग पाइप खालून नेत नेत तो हवेत तरंगत ठेवायचा. बाई वर्गभर कापूस चालवत फिरायच्या, चेहऱ्यावर भाव असा की जणू नात चालायला शिकतेय. निवृत्त झाल्या तरी त्या दिवशी घोंगडी खांद्यावर टाकून हजर.

मागच्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. आताचे हेडसर तरुण आहेत, भले आहेत, शाळेत मोठा पडदा आणलाय त्यांनी. भाषणात ते म्हणाले, बाईंची उणीव भासेल, पण काळजी नसावी, हा धडा यंदा पडद्यावर ऑगस्टमध्येच पूर्ण झालेला आहे, तेव्हा जानेवारीचा तो... कार्यक्रम आता ठेवण्याचं कारण नाही. सभेनं मान डोलावली. मी नाही डोलावली. पाइप आणि घोंगडी माझ्या कपाटात आहेत, आणि जानेवारीत मराठीचा तास माझाच असतो. वर दिलेले तेलाचे निवेदन याद्वारे मागे घेण्यात येत आहे.

पण हे मी सभेत बोलण्याआधीच बाई बोलल्या. फोटोची चौकट नवी होती, काचेऐवजी प्लॅस्टिकचा पत्रा असलेली. हवा कडकडीत कोरडी. हार घालण्याआधी भिकाजीनं गळ्यातला लोकरी मफलर काढून फोटो चांगला रगडून पुसला. खाली समईसाठी वाती वळत शेवंताबाई बसली होती, आता केस पिकलेली. तिच्या मांडीवरचा कापसाचा पुंजका हलला, उठला आणि टपकन फोटोतल्या बाईंच्या चष्म्यावर जाऊन बसला. हेडसर समारोपाच्या वाक्याच्या मध्यावर थांबले. पोरींच्या रांगेत हसू दाबलं जात होतं. भिकाजी गडबडला, त्यानं कोपऱ्यातल्या बादलीतलं फडकं पिळलं आणि फोटोकडे धावला. तेवढ्यात भर शोकसभेत शेवंताबाई ओरडली, "ओलं फडकं लावू नको बे भिक्या, बाई बंद पडतीन!"