टाचेवरचा उजेड

सायकलच्या पुढच्या दिव्याची काळजी त्या काळी सगळे घेत, कारण पुढे पोलीस असे. सांगलीत अंधार पडल्यावर बिनदिव्याचा सायकलवाला दिसला की तो त्याला खाली उतरवायचा आणि चाकातली हवा सोडायचा. मागच्या दिव्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. आमचं गाव पलूसच्या अलीकडे. तिथे मागे दिवा लावून जाणारा माणूस मी पाहिलाच नव्हता. मडगार्डवर एक लाल काच असायची, तिच्यावर धूळ बसायची आणि ती कुणी पुसायचं नाही. मागून येणाऱ्यानं आपलं बघून घ्यावं, अशी एकूण समजूत होती.

आमच्या घरात मात्र चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला मागच्या दिव्याशिवाय दुसरा विषय नव्हता. वडिलांना मागून आलेलं ऐकू येत नव्हतं, हे त्याचं कारण. ते तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि येताना डावा कान तोफांपाशी ठेवून आले. उजवा अर्धामुर्धा चालत होता. साखर कारखान्याच्या फाटकावर त्यांना रखवालदाराची नोकरी मिळाली होती. फाटकावरच्या माणसाला ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही हे कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी गेली असती. म्हणून ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि कुणाला म्हणजे आम्हालाही नाही. वडिलांचा समज असा, की घरात कुणाला पत्ता नाही. आम्ही सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसत होतो, खणखणीत बोलत होतो, आणि पत्ता नसल्यासारखं वागत होतो.

त्यात आईची एक खोड होती. एरवी ती उजवीकडूनच बोलायची. पण जेवायला वाढताना ती मुद्दाम डावीकडून यायची आणि भाकरी ताटात टाकता टाकता तोंडातल्या तोंडात बरंच काही बोलून घ्यायची. वडील शांतपणे जेवत असत. मला लहानपणी वाटे, आई भाकरीशी बोलते.

सकाळची पाळी सहाची. हिवाळ्यात वडील पाच वाजता निघत, तेव्हा बाहेर चांगलाच काळोख असे. गळीत सुरू झालं की त्याच रस्त्यानं उसाचे ट्रक कारखान्याकडे जात. ट्रकच्या दोन्ही अंगांनी ऊस हात-हातभर बाहेर आलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, सायकलवाला बाजूला होतो, असा तिथला रिवाज. वडील बाजूला होणार नव्हते, कारण हॉर्न त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हता. तेव्हा ड्रायव्हरला ते लांबूनच दिसले पाहिजेत. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती करायचं मी अंगावर घेतलं. मी सांगलीला कॉलेजात होते, विज्ञान शाखेला, आणि दर रविवारी घरी यायचे. घरात फिजिक्स शिकलेली मी एकटीच. त्याची मला थोडी घमेंडही होती.

“आबा, सांगलीत आता मागचा दिवा नसला तरी धरत्यात,” मी खोटंच सांगितलं.

“आपल्या रस्त्याला कुठला आलाय पोलीस?” वडील म्हणाले. पण फौजेतल्या माणसाला नियम म्हटला की तो मोडवत नाही. ते तयार झाले.

लाल काच मी आधीच बाद केली. मागून येणाऱ्याचा उजेड तिच्यावर पडला तरच ती चमकणार. आमच्याकडच्या निम्म्या ट्रकांचा एकच दिवा जळत असे, तोही रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांकडे बघत. सेलचा दिवा बाद केला, कारण सेल एकदम संपत नाहीत, ते हळूहळू मंद होत जातात आणि आपण रोज स्वतःची समजूत घालतो की कालच्याइतकाच आहे. उरला डायनॅमो. चाक फिरतंय तोवर वीज तयार होणार. तेल नको, सेल नको. साताऱ्याला आत्याकडे गेले होते, तिथून मी डायनॅमोचा संच आणला. पुढे एक दिवा, मागे एक. वायर मीच ओढली, दोऱ्यानं नीट बांधली. आईनं तर मागच्या दिव्याला कुंकू लावलं.

पहिला आठवडा दिवा उत्तम चालला. नंतरच्या एका रविवारी वडील आपण होऊन म्हणाले, “तुझा दिवा लय झकास पेटाय लागलाय गं. पयल्यापेक्षा उजेड वाढलाय. रस्त्यातला खडान्‌खडा दिसतोय.”

मी खूश झाले. कारण विचारायला पाहिजे होतं. ज्या मुलीला परीक्षेत विद्युतमंडलाचे प्रश्न पूर्ण सुटत होते, तिनं विचारायला पाहिजे होतं की दिवा आपोआप वाढेल कसा. मी विचारलं नाही. मी दुसरी भाकरी घेतली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. एके पहाटे जाग आली तर आई उंबऱ्यात उभी. ती रोजच तशी उभी राहायची हे मला तेव्हा कळलं. वडील सायकलवर बसून गल्लीच्या टोकाकडे चालले होते. पुढचा उजेड भिंतींवरून सरकताना दिसत होता. मागे अंधार होता.

“आई, मागचा दिवा कुठाय?”

“लागतो की फुडं गेल्यावर,” आई शांतपणे म्हणाली. “लगीच कसा लागंल? तापाय नको?”

आमच्या घरी मोठा जुना रेडिओ होता. बटण फिरवल्यावर तो तापेपर्यंत गप्प बसायचा, मग कुठून तरी लांबून आवाज यायचा. आईच्या हिशेबी विजेवर चालणारी वस्तू म्हणजे अशीच. दिवा ओढ्याच्या वळणापलीकडे गेल्यावर तापतो आणि लागतो, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

“कवापासनं असं हाय?”

“पंधरा दीस झालं असत्याल.”

माझ्या डोक्यात त्या क्षणी सगळं लख्ख झालं. मागचा बल्ब खड्ड्यात हादरून गेला होता. दोघांच्या वाटणीची वीज एकट्या पुढच्याला मिळत होती, म्हणून तो झकास पेटत होता. वडील ज्या उजेडाचं कौतुक करत होते, तो मागच्या अंधारातून आलेला होता. आणि ते कौतुक मी मान खाली घालून, लाजून वगैरे ऐकलं होतं.

मी अनवाणी धावले. गल्ली संपली, ओढा आला. “आबा! आवं आबा!” मी ओरडत होते, आणि आपण कुणाला हाक मारतोय हेही मला कळत होतं. कुत्री भुंकली, एका घरातून कुणीतरी “काय झालं गं?” म्हणून विचारलं. ज्याला ऐकू जायला हवं होतं तो तेवढा सरळ निघून गेला. फाट्यावरून ट्रकचा आवाज आला तेव्हा मी रस्त्यातच उभी होते. मला भीती वाटली. एवढी भीती मला नंतर आयुष्यात दोनदाच वाटली असेल.

दुपारी अडीचला ते नेहमीसारखे आले. सायकल भिंतीला लावली आणि आम्हा दोघींना दारात बघून म्हणाले, “का गं? कोण आलंय काय?”

त्यानंतर मला बल्ब बदलून भागणार नव्हतं. खरी अडचण मी पहिल्या दिवशी पाहिलीच नव्हती. मागचा दिवा ज्याचा त्याला दिसत नाही. दुसरा कुणी असता तर त्याला निदान टायरवर घासणाऱ्या डायनॅमोची घरघर कमीजास्त झालेली कळली असती. यांना तेही नाही. दिवा कितीही चांगला असो, विझल्याचं वडिलांना कळणार कसं, हा प्रश्न होता. फिजिक्सच्या पुस्तकात तो नव्हता.

सुट्टी संपून सांगलीला जाताना वडीलही काही कामानं बरोबर आले; सायकल एस्टीच्या टपावर टाकून आणली. बाजारामागच्या गल्लीत एक पत्र्याचं काम करणारे म्हातारे मुसलमान गृहस्थ बसत. सगळे त्यांना चाचा म्हणत. पेट्या, नरसाळी, रॉकेलच्या चिमण्या असलं ते बनवायचे. बैलगाडीच्या आसाखाली टांगायचे कंदील त्यांच्याकडेच दुरुस्तीला येत, आणि ते कंदील ढेकळांतूनही विझत नाहीत असं मी ऐकलं होतं. मी त्यांना सायकल दाखवली आणि मागं लावायला रॉकेलचा दिवा पाहिजे म्हटलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वडिलांना म्हणाले, “चालवणार कोण, तुमी?”

वडील त्यांच्या ओठांकडे बघत होते. “व्हय.”

“ट्रकच्या रस्त्याला?”

वडील जरा थांबले. मग म्हणाले, “पलूसजवळ.” प्रश्न तो नव्हता.

चाचांनी हातातली कात्री खाली ठेवली. आयुष्यभर पत्रा ठोकलेला माणूस. ठोकण्याच्या आवाजानं त्यांच्या गल्लीतले निम्मे लोक वडिलांसारखेच झालेले असणार. ते उठून वडिलांच्या समोर आले आणि सरळ विचारलं, “कान कुठला गेलाय?”

मी गल्लीत दुसरीकडे बघू लागले. पाच-सहा वर्षं आमच्या घरात ज्याच्याभोवती आम्ही चवड्यावर चालत होतो, ते या माणसानं तीन शब्दांत विचारलं.

“डावा पार गेलाय,” वडील म्हणाले. “उजवा निम्मा हाय.”

“माझा उजवा गेलाय,” चाचा म्हणाले. “मग इझल्यालं तुमाला कळायचं कसं?”

“त्येच तर.”

दोघं बराच वेळ सायकलशी उकिडवे बसले. मला कुणी काही विचारलं नाही. चाचांनी दोन पदरी पत्र्याचा दिवा केला, आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामधून हवा वळून जाईल असा. मागे जुन्या मोटारीच्या लाल काचेचा तुकडा बसवला. दिवा मागच्या चाकाच्या आसाशी उजव्या अंगाला स्प्रिंगवर अडकवला, म्हणजे खड्ड्यात ज्योत हादरू नये. आणि सगळं झाल्यावर त्याच्या पुढच्या बाजूला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर साधी काच लावली.

“पायडल मारा,” ते म्हणाले. सायकल स्टँडवर होती. दुकानाच्या आतल्या अंधारात वडिलांनी पायडल मारलं. पाय खाली आला की बुटाच्या टाचेवर उजेडाचा ठिपका पडे, पाय वर गेला की जाई. वडील फौजेतले बूट अजून रोज पॉलिश करत. टाच चांगली चमकली.

“टाच उजाळली म्हंजे मागं दिवा हाय,” चाचा म्हणाले. “न्हाई उजाळली तर उतरायचं. इचार करत बसायचं न्हाई.”

वडिलांनी त्यांना खाडकन सलाम ठोकला. मी वडिलांना साहेबाशिवाय कुणाला सलाम करताना त्या आधी पाहिलं नव्हतं.

गावाकडं परत निघताना वडील मला म्हणाले, “त्यो काय म्हनाला ते घरात बोलू नगंस.” मी मान हलवली. म्हणजे आता मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक झालं, पण आईला ठाऊक नाही असं आम्ही दोघांनी मिळून धरून चालायचं ठरलं. माणसं काय काय सांभाळत बसतात.

संक्रांतीला मी घरी होते. त्या दिवशी वडील दुपारी आले ते पाय न धुता अंगणातच बसले. मग उठले, पाय धुतले, पाटावर येऊन बसले. आईनं ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरली.

“फाट्याच्या चढाला टाच काळी झाली,” ते म्हणाले. “म्हणून उतारलो. सायकल बाभळीला लावली, काडी वडली. तर काडी इझली. म्हटलं, वारं न्हाई आन्‌ इझली कशी? मान वर केली तर ट्रक फुडं गेलेला. उसाचा. मी जिथनं चाललो हुतो तिथनंच गेला.”

आईनं आमटीचं भांडं उचललं.

“मला ऐकू आला न्हाई,” वडील म्हणाले.

घरात हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं. आई डावीकडे वाकून आमटी वाढत होती. तिचा हात थांबला. ती उठली, ताटाला वळसा घालून उजवीकडे आली आणि तिथे बसली.

“ठावं हाय,” ती म्हणाली.

“कवापासनं?”

“तुमी फौजेतनं आला त्या दिसापासनं. टांग्यातनं उतरताना मी हाक मारली हुती.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

“मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?”

“बोलले की,” आई म्हणाली. “रोज बोलले. मिरजेला कान दावा म्हटलं, ती नोकरी सोडा म्हटलं, मला भ्या वाटतंय म्हटलं. रोज वाढताना सांगितलं. तुमाला ऐकू आलं न्हाई.”

वडिलांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग पाट उचलला, तो फिरवून मांडला आणि उजवा कान तिच्याकडे करून बसले.

“आता सांग,” ते म्हणाले.