तीन इडल्या, चटणी नको

‘पेशंट तुमचा भाऊ आहे, पण आज तुमच्याबद्दल बोलावं लागणार,’ असं म्हणून डॉक्टरांनी माझा सीटी स्कॅन उजेडावर धरला. मी अगदी निर्धास्त बसले होते. आमचा रक्तगट जुळला होता आणि माझ्या यकृताचा तुकडा नितीनला द्यायचा, हे घरात ठरूनही गेलं होतं. ‘तुम्हाला फॅटी लिव्हर आहे,’ ते म्हणाले. फॅटी लिव्हर म्हणजे यकृतात साठलेली चरबी. असं यकृत दुसऱ्याला बसवलं तर तिथं ते नीट चालेल याचा भरवसा नसतो, आणि उरलेलं देणाऱ्याला पुरेल याचाही नसतो.

‘मग?’ मी विचारलं.

‘वजन उतरवा. सहा आठवड्यांनी परत स्कॅन करू. तोवर भावाला आम्ही सांभाळतो.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘सांभाळायचा प्रयत्न करतो.’

त्या दुसऱ्या वाक्यानं माझा निर्धास्तपणा संपला.

नितीन माझा धाकटा भाऊ, वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला. त्याला ऑटोइम्यून हिपॅटायटिस झाला होता. म्हणजे शरीराची जी शक्ती रोगाशी लढते, तीच उलटून यकृतावर तुटून पडते. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नाही, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच आवाज खाली आणून ‘घेत होता का?’ विचारायचा. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर, आईचं वय जास्त. देणारी उरले मी एकटी, आणि मी निघाले वड्या-भज्यांवर पोसलेली.

त्याला कारणही होतं. उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात मी बारा वर्षं काउंटरवर आहे. दुपारी गिऱ्हाईक हटत नाही, म्हणून समोरच्या गाडीवरून जे येईल ते खायचं, एका हातानं वडापाव आणि दुसऱ्या हातानं माउस. आता तर सकाळी दुकान आणि दुपारनंतर हॉस्पिटल. घरचा डबा ही कल्पनाच उरली नव्हती.

म्हणून आहारतज्ज्ञ शेख मॅडमनी पहिल्याच दिवशी माझी दुखरी नस पकडली. ‘ताई, बाहेरचं बंद करा म्हणून मी सांगणार नाय. तुमच्याच्यानं होणार नाय ते. बाहेरच खा, पन बघून खा. अन् जे पोटात जाईल ते वहीत लिहा.’

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली, तर मी काय शिकले ते सांगते. डोशाऐवजी इडली घ्यायची, सोबत सांबार, खोबऱ्याची चटणी नको. मिसळीत उसळ जास्त मागायची, फरसाण नको आणि वरची तर्री चमच्यानं बाजूला काढायची. पावभाजीवर लोणी टाकायच्या आत ओरडायचं, कारण गाडीवाल्याचा हात आपल्या तोंडापेक्षा वेगानं चालतो. पाव एकच आणि तोही न भाजता. तंदुरी रोटी कोरडी. बर्गर खायचाच असेल तर साधा, त्यातलं पांढरं मेयोनीज वगळून, आणि सोबतचे फिंगर चिप्स व थंड पेय विसरून जायचं. तहान लागली की ताक. समोशाकडं बघायचंही नाही. निदान मला तरी नुसतं बघणं कधीच जमलं नाही.

पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं. मी वॉर्डात जाऊन नितीनला सांगितलं. पोटात पाणी साठून त्याचं पोट बायकोपेक्षा मोठं दिसत होतं, डोळे हळदीसारखे झाले होते. तो हसला. ‘ताई, तू बारीक हो, मी तुझ्या जिवावर जाड होतो.’

त्यानंतर काटा हललाच नाही. दुसरा आठवडा, तिसरा आठवडा, आकडा तोच. मी वजनाच्या मशीनवरून उतरून परत चढायचे, चप्पल काढून चढायचे, एकदा तर मंगळसूत्र काढून हातात घेतलं. हातातल्या मंगळसूत्राचंही वजन होतंच, हे नर्सनं हसून सांगितल्यावर लक्षात आलं. मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात नितीनच्या पोटातलं पाणी दोनदा काढलं होतं.

चौथ्या आठवड्यात शेख मॅडमनी वही मागितली. पानं चाळता चाळता त्या थांबल्या.

‘सोमवार, गुरुवार, शनिवार कोरे का?’

‘उपास असतो मॅडम.’

‘म्हणजे काहीच खात नाय?’

‘छे, फराळ करते ना.’

हे उपास आईनं बोललेले होते. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला दौलताबादजवळच्या आमच्या गावाहून ती आली, त्याच दिवशी देवापुढं हात जोडून तिनं दोघींच्या नावानं आठवड्यातले तीन वार धरले होते, नितीन घरी येईपर्यंत. सोमवार घृष्णेश्वराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार भद्रा मारुतीचा.

‘फराळात काय काय?’

मी सांगत गेले. हॉस्पिटलच्या फाटकाशी मिळणारी साबुदाण्याची खिचडी दोन प्लेट, भरपूर शेंगदाण्याचं कूट घातलेली. संध्याकाळी साबुदाणा वडा. आईनं आणलेला तळलेल्या बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, साखर घालून दूध, केळी. सांगताना माझाच आवाज बारीक होत गेला. हे सगळं वहीत लिहायचं असतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. उपासाला आपण खातो थोडंच? आपण फराळ करतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. ‘आमच्याकडं रोज्यात असंच होतं. दिवसभर उपाशी, अन् इफ्तारला भजे-समोसे. आमची अम्मी म्हनते, रोज्यात वजन कसं वाढतं, अल्ला जाने.’ मग गंभीर झाल्या. ‘पन ताई, तुमच्याकडं दोन-अडीच हफ्तेच राहिलेत.’

मी म्हटलं, मग नुसत्या पाण्यावर करते. त्यांनी साफ नकार दिला. उपाशी राहून वजन पाडलं तर अशक्तपणा येतो, आणि अशक्त माणसाचं यकृत कुणी घेत नाही. रोज खायचं, मोजून खायचं, उपासाच्या दिवशीही.

बाहेर बाकावर बसून मी रडले. ज्याच्यासाठी मी उपास करत होते, त्याच्याच वाटचं यकृत मी त्या उपासानं खराब करत होते. आणि आता उपास मोडायचा म्हणजे त्याच्या जिवाशीच खेळायचं, असंही वाटत होतं. तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई आणि असं काय? माणूस वॉर्डात झोपलेलं असतं तेव्हा शिक्षण फार पुरत नाही.

तो शनिवार होता. आई वॉर्डात होती. मी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत गेले आणि इडलीच्या गाडीवर, चोरासारखा पदर तोंडावर ओढून, तीन इडल्या खाल्ल्या.

संध्याकाळी नितीन बरळायला लागला. मला ओळखेना. ‘कंपनीची बस चुकंल, मला हजेरीचं पंच करायचंय’ म्हणून सलाइनची नळी ओढत होता. डॉक्टर धावत आले. याला एन्सेफॅलोपथी म्हणतात, म्हणजे यकृत रक्तातलं विष गाळू शकत नाही आणि ते मेंदूवर चढतं. दोन दिवस पोट साफ झालं नव्हतं, त्यामुळं झालं, औषधानं उतरेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी मान हलवली. मला मात्र कारण ठाऊक होतं. कारण तीन इडल्या होत्या.

नितीन शांत झाल्यावर मी व्हरांड्यात आईला सगळं सांगून टाकलं, मॅडम, वही, इडल्या, सगळं. वाटलं, आता ही मला उभी चिरेल. आईचा हात गळ्यातली पोत चाचपत होता.

‘मला बी कळाया पायजे व्हतं,’ एवढंच म्हणाली.

नितीन रविवारी सकाळी मला ‘ताई’ म्हणाला. सोमवारी आईनं माझा हात धरला आणि मला खाली नेलं, थेट त्याच गाडीवर. माझ्या आईनं उभ्या जन्मात गाडीवर काही खाल्लेलं नाही. तिनं गाडीवालीला सांगितलं, ‘बाई, माझ्या लेकीला तीन इडल्या दे. चटणी नको. सांबार बी पातळच घाल.’

‘आई, आज सोमवार.’

‘ठावं हाय मला. मी देवाला इचारलंय. चालतंय म्हनला. तुझे वार बी मीच धरते. तू खा.’

तिचा आवाज इतका ठाम होता की माझी भीती तिथंच ओसरली. आई समोर उभी राहून एकेक इडली मोजत होती, आणि मी लहान मुलीसारखी पोटभर जेवले. पुढचे सगळे उपासाचे वार तिनं हेच केलं. स्वतः फक्त शेंगदाणे आणि पाणी.

काटा उतरायला लागला. सहाव्या आठवड्याच्या शेवटी परत स्कॅन झाला. त्या खोलीबाहेरचा पाऊण तास मला अजून आठवतो. डॉक्टर फिल्म हातात घेऊन बाहेर आले. ‘चरबी बरीच उतरलीय. ऑपरेशन करता येईल,’ ते म्हणाले. मी धावत वॉर्डात आईकडं गेले.

ऑपरेशनबद्दल जास्त लिहीत नाही; मी झोपलेली होते. जागी झाले तेव्हा पोटावर टाक्यांची मोठी आडवी रांग होती आणि नर्स म्हणत होती, भावाचं यकृत चालू झालंय. आजही नितीनला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, गर्दीत मास्क लावावा लागतो, आणि त्याचा फोन दोनदा उचलला गेला नाही की माझं काळीज हलतं. त्याची मुलगी आता बसायला लागली आहे.

नितीन घरी आला तरी आईनं उपासाचे वार अजून सोडलेले नाहीत. मागच्या शनिवारी आई आणि मी खुलताबादला भद्रा मारुतीला गेलो. दर्शनाची रांग पुढं सरकली तरी आई हात जोडून तिथंच उभी होती. मी मागं होते, ते तिला माहीत नव्हतं. ती मारुतीशी बोलत होती.

‘तवा तुला न इचारताच सांगितलं मी पोरीला. खोटं बोलले. तिला खाऊ घालायचं व्हतं. काय धरायचं आसंल ते माझ्यावर धर. लेकरान्ला काय लावू नको बाबा.’

म्हणजे त्या सोमवारी गाडीपाशी माझ्याइतकीच तीही घाबरलेली होती. तिनं देवाला काहीच विचारलेलं नव्हतं, आणि ती भीती इतके महिने तिनं एकटीनं बाळगली होती.

आम्ही बाहेर आलो. फाटकाशी इडलीची गाडी होती. मी तीन इडल्या घेतल्या, चटणी नको म्हणाले, आणि पहिला घास आईसमोर धरला. ‘आज शनिवार गं,’ ती म्हणाली.

‘मी देवाला विचारलंय,’ मी म्हटलं. ‘चालतंय म्हणाला.’

आईनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं तोंड उघडलं.