हेडमास्तरांनी मांडलेलं शून्य

मुलांच्या मनाचा आमच्या हेडमास्तरांइतका अभ्यास राळेगाव तालुक्यात दुसऱ्या कुणी केला नसेल, आणि मुलांकडून इतका फसलेला माणूसही दुसरा नसेल. साठ सालच्या आसपासची गोष्ट. शाळा दोन मास्तरांची. एक ते आणि दुसरा मी. यवतमाळला प्रशिक्षण घेऊन ते परतले ते बालमानसशास्त्राची जाडजूड वही घेऊनच, आणि त्या दिवसापासून गावात एकही पोर नुसतं खोडकर राहिलं नाही. पोरांनी बोरं चोरल्याची तक्रार घेऊन पाटील आले, तर हेडमास्तर प्रसन्न होऊन शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "पाटील, ही चोरी नव्हे. या वयात मुलांची संग्रहवृत्ती जागी होते." पाटील म्हणाले, "होऊ द्या ना जागी. पन ते माह्याच वावरात काहून होते?"

बक्षिसानं शिकलेलं पक्कं होतं, हे वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं. म्हणून बरोबर उत्तराला गुळाचा खडा सुरू झाला. आठवडाभरात पोरं अशी तयार झाली, की खडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बे एके बेसुद्धा कुणी म्हणेना. घरचा गुळाचा डबा रिकामा झाला तेव्हा त्यांची बायको थेट वर्गात आली आणि सगळ्यांसमोर विचारती झाली, "तुम्ही पोरायले शिकवून राह्यले, का पोरं तुमाले?" हेडमास्तरांनी हा प्रश्नही वहीत टिपून घेतला. रागवायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पण खरी पंचाईत केली बुद्धिमापनानं. शहरातल्या मुलांसाठी तयार केलेली एक प्रश्नावली त्यांनी उतरवून आणली होती. तिच्यावर चौथीचा वर्ग तपासला, आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी रुपली शून्यावर आली. 'वाट चुकलीस तर काय करशील?' याला 'पोलिसाला विचारीन' असं उत्तर हवं होतं. रुपली म्हणाली, "बैलाच्या मांगं मांगं जाईन." मग चित्रातल्या बाईचं काय काढायचं राहिलं, ते सांगायचं होतं. बाईला एक कान नव्हता. रुपली म्हणाली, "हातात कोपरापावतर चुडा नाई."

"आनि कान?"

"कान ओढनीखाली असन ना, गुरुजी."

मला हसू आवरेना. हेडमास्तरांनी मात्र गंभीरपणे शून्य मांडलं आणि बाजाराच्या दिवशी तिच्या बापाला ते प्रामाणिकपणे सांगूनही टाकलं. तो मान हलवून म्हणाला, "डोस्कंच नाई म्हनता, त कायले शाळेत बसवाची? बकऱ्या राखन." दुसऱ्या दिवसापासून रुपली शाळेत आली नाही.

हेडमास्तरांचं जेवणातलं लक्ष उडालं. मंद मुलांनाच शाळेची जास्त गरज असते, असं वहीत होतं. हेच तिच्या बापाला समजावून सांगायला रविवारी दुपारी वही काखेत मारून ते निघाले आणि सोबत मला घेतलं. "जवळची वाट मले मालूम हाय," म्हणत त्यांनी मला पळसाच्या रानात घातलं, आणि तासाभरात आम्ही एकाच कोरड्या नाल्यावर तिसऱ्यांदा आलो. मी खवचटपणे म्हणालो, "गुरुजी, पोलिसाले विचारू का?" ते धोतरभर कुसळं, अंगभर घाम, अशा अवस्थेत एका दगडावर बसून राहिले. तेवढ्यात झाडीतून बकऱ्या आल्या, आणि त्यांच्यामागे रुपली. आम्हाला पाहून ती हसली नाही, हे तिचे उपकार. "ह्या आता पानी प्याले घरीच जाते. यायच्या मांगं चाला," एवढंच म्हणाली. बकऱ्यांच्या मागे रुपली, रुपलीच्या मागे हेडमास्तर आणि सगळ्यांत मागे मी, अशी आमची वरात तांड्यावर पोचली.

तिथं त्यांनी वही उघडलीच नाही. बापापुढे हात जोडले. "भाऊ, गलती माही झाली. पोरगी हुशार हाय, मलेच विचारता आलं नाई. ते शून्य मले भेटाले पाह्यजे होतं. उद्यापासून धाडा तिले."

बापानं त्यांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी एवढे चालत आले, त धाडतो."

सोमवारी रुपली वर्गात होती, आणि चौथी पासही झाली.

हेडमास्तर आता नाहीत. ते होते तोवर मी त्यांच्या वहीची भरपूर टिंगल केली. पुढे तीस वर्षं मीही मास्तरकी केली, पुष्कळ पोरांना शून्यं दिली. पण त्यांतल्या एकाच्याही घरी मी कधी चालत गेलो नाही.