ताईच्या पेशी दुपारी

प्रयोगशाळेत तिला सगळे फुंकरबाई म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. बाई दिवसभर तोंडात बारीक नळी धरून सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. नळीच्या दुसऱ्या टोकाला केसाहून बारीक तोंडाची काच. आधी हलकी फुंकर, काच पेशीला टेकली की तोंडाने हलकंसं ओढायचं. पेशी काचेला घट्ट चिकटली तर काम पुढे. जोर जरा जास्त झाला की पेशी फाटली, पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा फाटायचीच. अशा कामात मान जाते, नजर जाते, आणि घरचे विचारतात, आज काय केलंस. सांगणार काय, कपाळ?

पेशीच्या पापुद्र्यात क्षारांना ये-जा करायला इवलीशी दारं असतात. ती उघडली, मिटली की विजेचा बारीक प्रवाह वाहतो आणि त्यावर हृदय ठोका धरतं. फुंकरबाईच्या थोरल्या बहिणीचं हृदय मधूनच ठोका चुकवायचं. ताई भाजी निवडता निवडता कोसळायची. डॉक्टरांनी हात टेकले. मग ताईने दंडाची जराशी कातडी काढू दिली. त्या कातडीच्या पेशींना प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशींचं रूप देऊन त्या वाढवल्या, आणि चार वर्षं मान मोडल्यावर फुंकरबाईला दिसलं, की ताईची दारं इतरांपेक्षा लवकर मिटतात. दोष सापडला म्हणजे औषध कुठे शोधायचं ते कळलं. हे ऐकून ताई कितीतरी दिवसांनी एकटीने जिना उतरून खाली गेली.

फुंकरबाईची कामाची रीत ठरलेली होती. सकाळी हात बसेपर्यंत निरोगी माणसाच्या पेशी घ्यायच्या. हात बसला की दुपारी ताईच्या. ताईची एकही पेशी वाया जाऊ नये, एवढाच हेतू.

खोलीतला एसी म्हातारा. सकाळी बरा चालायचा, जेवणानंतर नुसता घरघरायचा. शेवटी एकदाचा नवा बसला, पोरं खूश झाली. दुसऱ्या दिवशी दुपारीही खोली गार होती, आणि ताईच्या पेशींची दारं चारचौघांसारखीच मिटत होती.

उबेत दारं भराभर मिटतात, हे दरवर्षी नव्या पोरांना शिकवायची फुंकरबाईच. तरी तिने उलटं करून पाहिलं. सकाळी गारव्यात ताईच्या पेशी, दुपारी एसी बंद करून निरोगी. आता निरोगी माणूस आजारी ठरला. सगळं मुसळ केरात. तिला रडूही आलं नाही, इतकी ती दमली होती.

“ताईच्या दारांवरचा आपला लेख छापायला गेलाय,” प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, म्हणाले. तेही थकलेलेच होते. “जुन्या एसीचं कोणाला काय पडलंय?”

“परत मागवा, सर. चुकीच्या जागी औषध शोधत बसतील. ताईला ते लागू पडणार नाही.”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि लेख परत मागवायचं पत्र लिहायला घेतलं.

ताईला सांगणं त्याहून जड गेलं. ताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. फुंकरबाईने सकाळ, दुपार, एसी, सगळं धडाधड सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर पुढे बोलवलंच नसतं.

“म्हणजे चार वर्षं तू माझं दुखणं मोजतच नव्हतीस,” ताई म्हणाली.

“खोलीची ऊब मोजत होते.”

“मग मला झालंय तरी काय?”

“माहीत नाही, ताई.”

ताईला राग आला होता, तो लपला नाही. हातातला टॉवेल तिने तीनदा घडी केला आणि तीनदा मोडला. फुंकरबाई खाली मान घालून बसून राहिली. मान तशीही वर होत नव्हती.

“माझ्या पेशी उरल्यात का काही?”

“फारशा नाहीत.”

ताईने टॉवेल बाजूला ठेवला. बाही वर सारली. दंडावर जुना व्रण होता. तिने त्याच्या शेजारची जागा बोटाने दाखवली.

“इथली घे,” ती म्हणाली. “आणि या वेळी मला सकाळी बघ.”