चकाकीमामांचा हलका हात

जुन्या लाकडाला नवं तोंड द्यावं तर चकाकीमामांनीच, असं सगळे म्हणत. मामांच्या स्वतःच्या तोंडाविषयी मात्र कोणी काही बोलत नसे आणि ते बरंच होतं.

मामा फर्निचरला पॉलिश करत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या टेबलात माणसाला आपला चेहरा दिसे, आणि काहींना तो पहिल्यांदाच बरा दिसे. म्हणून नाव पडलं चकाकी. केस पिकले तसा मागे ‘मामा’ लागला आणि खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं. सुताराच्या कारखान्यातला मागचा कोपरा त्यांचा होता. तिथे ते स्टुलावर बसून कापडाच्या बोळ्यानं असा हात फिरवत, की झोपलेल्या बाळाला कळू नये. कोणी घाईघाईनं पॉलिशपेपर घासू लागलं की यांच्याच अंगावर काटा येई.

हा हलक्या हाताचा माणूस सकाळी बेसिनसमोर कुठे गडप होई, देव जाणे. तिथे उभा राही तो दुसराच कोणीतरी. दुकानातला सगळ्यात कडक ब्रश मुठीत धरायचा आणि दातांनी काहीतरी गुन्हा केलाय, तो आजच कबूल करून घ्यायचाय, अशा आवेशात आडवा चालवायचा. फेस आरशावर उडे. पंधरा दिवसांत ब्रशाचे केस चहूकडे फाकत. शेवटी थुंकीत लाल रंग दिसला की मामा समाधानानं मान डोलावत. रक्त आलं म्हणजे आतली घाण निघाली, हा त्यांचा सिद्धांत होता. रात्री झोपण्याआधी दात घासावेत हे त्यांना ठाऊक होतं, पण रात्री दात कोणाला दाखवायचेत, असा त्यांचा सवाल असे.

“अहो, मऊ ब्रश वापरा, हिरड्या वर चालल्यात तुमच्या,” असं सांगून सांगून मामींनी दाताच्या कण्या केल्या. मग त्यांनी स्वतःच मऊ ब्रश आणायला सुरुवात केली. मामा “बरं” म्हणत. मामांचं “बरं” फार गोड असे आणि त्याचा अर्थ “नाही” असा होई. थोड्या दिवसांनी तो ब्रश बेसिनवरच्या पेल्यातून नाहीसा होई. वापरून झिजला असेल, म्हणून मामी खूश होत आणि दुसरा आणत.

मामांची दुसरी ख्याती म्हणजे शिट्टी. संध्याकाळी घरी परतताना कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापासून ती सुरू होई आणि जिना संपेपर्यंत चाले. गाणं कुठलं ते कोणाला कधी कळलं नाही, मामांनाही नाही. लग्न झाल्यापासून हा रिवाज होता. शिट्टी ऐकू आली की मामी चहाचं आधण ठेवत, आणि मामा चपला काढेपर्यंत कप समोर येई. “या वयात शोभतं का?” असं मामी रोज म्हणत. चहात मात्र कधी एका मिनिटाची चूक झाली नाही.

आणि एक दिवस शिट्टी आली नाही.

झालं होतं एवढंच, की कोपऱ्यावर पोचल्यावर मामांनी सवयीनं ओठ गोल केले, हवा आत ओढली आणि समोरच्या वरच्या दातातून अशी कळ गेली की सायकलवाल्याच्या फळीला धरून त्यांना उभं राहावं लागलं. जिभेनं चाचपलं तर दात किंचित हलला. कपाटाचा निखळलेला पाय त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता. आज पहिल्यांदाच तो स्वतःच्या तोंडात होता. आणि डोक्यात पहिला विचार जेवणाचा आला नाही. हा दात गेला तर शिट्टी गेली, हाच आला.

घरी सांगायची मात्र सोय नव्हती. इतकी वर्षं दगडासारख्या दातांची फुशारकी मारलेली. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

मामा तोंड मिटून घरी आले. चहा नव्हता. मामींनी विचारलं, “शिट्टी कुठे गेली?” मामा म्हणाले, “काही नाही.” नवरा “काही नाही” म्हणाला की काहीतरी मोठं आहे, एवढं कुठल्याही बायकोला कळतं. मामींनी मागचे सगळे दिवस आठवून पाहिले. आपण काय बोललो? माहेरच्यांचं काही? काही सापडेना, तेव्हा त्यांना राग आला. आपली चूक सापडत नसेल तर ती समोरच्याचीच असणार. त्यांनीही अबोला धरला. दोन माणसांच्या घरात दोघंही गप्प झाली की भांड्यांचा आवाज फार मोठा होतो. गार पाण्यानं कळ येते म्हणून मामा पाणी कोमट करून पिऊ लागले, तर मामींना वाटलं, माझ्या हातचं माठातलं पाणीही चालेना. आठवडाभर असा कारभार चालला.

मग मामा डबा घरी विसरले. खरं तर विसरले नव्हते. चावायला नको म्हणून मुद्दाम ठेवून गेले होते. मामींना ते अन्नावरचं रुसणं वाटलं आणि त्यांचा बांध फुटला. आयुष्यात कधी कारखान्याची पायरी न चढलेल्या मामी डबा घेऊन तरातरा निघाल्या.

त्या दारात पोचल्या तेव्हा मामांचं प्रवचन रंगात आलं होतं. एक निवृत्त शिक्षिकाबाई आईची नक्षीदार खुर्ची घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मुलानं ती कडक ब्रशानं खसाखसा घासून साफ केली होती.

“बाई, कडक ब्रशानं मळ नाही जात, लाकूड जातं,” मामा सांगत होते. “मळ बसतो नक्षीच्या खाचेत, कडेकडेनं. आणि तुमचा मुलगा घासतोय वरचं, दिसणारं. आता हे बघा.” त्यांनी ब्रश पेन्सिलीसारखा तीन बोटांत धरला, खाचेच्या कडेला तिरका टेकवला आणि इवली इवली वर्तुळं काढत फिरवला. “जोर अजिबात नको. गेलेलं लाकूड परत येत नाही, आहे ते राखायचं.”

शिक्षिकाबाई भारावून गेल्या. मामी भारावल्या नाहीत. त्यांची नजर मामांच्या हातातल्या ब्रशावर गेली होती. निळ्या दांड्याचा, मऊ केसांचा. शेजारी पत्र्याच्या डब्यात तसेच आणखी, हिरवे, पिवळे, गुलाबी. एकेक मामींनी दुकानात बोटानं दाबून, निवडून आणलेला.

“आणि हिरडी परत येते वाटतं?” मामी म्हणाल्या.

मामांनी वळून पाहिलं, आश्चर्यानं तोंड उघडलं, हवा आत गेली आणि गालावर हात दाबून ते स्टुलावर वाकले. मामींनी हात पाहिला, गाल पाहिला, आठवडाभराचं कोमट पाणी आठवलं.

“म्हणून शिट्टी बंद होती?”

मामांनी मान हलवली.

“आणि मी समजले...” मामींचा आवाज एकदम ओला झाला. “अहो, मेल्या दातासाठी आठवडाभर माझा जीव टांगणीला? शिट्टी आली नाही तर तुम्ही घरी येताय हे मला कळायचं कसं?”

सुतार रंधा हातात धरून दुसरीकडे पाहू लागला. शिक्षिकाबाईंनी खुर्चीची नक्षी फार बारकाईनं तपासली.

त्याच संध्याकाळी मामींनी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, असं मामांनी वाटेत दोनदा सांगून पाहिलं. डॉक्टरीणबाई हसल्या. “हलतोय तो कीट साठल्यामुळे, मामा. हिरडीच्या कडेला आणि फटीत साठतं, तिथे तुमचा ब्रश कधी पोचलाच नाही. वरून मात्र तुम्ही इतकं घासलंत की मुळं उघडी पडली.” मग त्यांनी ब्रश तिरका धरून, हिरडीच्या कडेवर टेकवून, लहान वर्तुळं काढून दाखवली. फटीतून दोरा कसा फिरवायचा ते दाखवलं आणि रात्रीचं घासणं चुकवायचं नाही असं बजावलं. मामा टक लावून पाहत होते. सकाळीच त्यांनी हे सगळं दुसऱ्याला शिकवलं होतं, आणि मामी शेजारच्या खुर्चीतून नेमकं हेच सांगणाऱ्या नजरेनं त्यांच्याकडे पाहत होत्या.

“दात राहील ना?” मामांनी विचारलं.

“गेलेली हिरडी भरून येणार नाही. पण आहे ती राखलीत तर राहील.”

तेव्हापासून बेसिनपाशी मामी पहारा देऊ लागल्या. मूठ आवळली जातेय असं दिसलं की त्या म्हणत, “खुर्ची, खुर्ची!” आणि मामांची मूठ सुटून तीन बोटं पुढे येत. पहिले काही दिवस दोऱ्याला रक्त लागे आणि मामा म्हणत, बंद करू या. मामी म्हणत, डॉक्टरीणबाईंनी कमी होईल म्हणून सांगितलंय. ते खरंच कमी झालं. जेवल्यावर डुलक्या येऊ लागल्या की मामा नाराजीनं उठत, बेसिनशी जात आणि त्या नक्षीदार खुर्चीवर चालावा तसा हात दातांवर चालवत. कारखान्यातले मऊ ब्रश डब्यातच राहिले, पण त्यांच्यात नव्याची भर पडेनाशी झाली. सुतारही त्यातलेच वापरत असे, त्यानं त्याबद्दल तक्रार करून पाहिली.

शिट्टीचा विषय घरात कोणी काढत नव्हतं. मामांना भीती वाटत होती. मामींना जास्त.

मग एका संध्याकाळी मामा सायकलच्या दुकानापाशी थांबले. त्यांनी आधी हलकेच हवा ओढून पाहिली. कळ आली नाही. पुन्हा ओढली. मग ओठ गोल केले. पहिला सूर नुसतीच हवा निघाला, दुसरा घसरला, तिसरा लागला. गाणं पूर्वीसारखंच कळण्यापलीकडचं होतं. ते जिना चढले, चपला काढल्या, आणि कप समोर आला नाही.

मामी खिडकीत उभ्या होत्या, दाराकडे पाठ करून. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता. चहा उतू जाऊन सगळ्या शेगडीवर पसरला होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

“अहो, चहा,” मामा म्हणाले.

मामींनी डोळे पुसले, शेगडीकडे पाहिलं आणि बेसिनखालच्या खणातून मामांचा जुना कडक ब्रश काढून त्यांच्या हातात दिला.

“घासा आता,” त्या म्हणाल्या, “हवं तितकं जोरात.”